महात्मा फुले योजना आणि सरकारी दवाखाना: फुकट आहे का? आहे, पण दार बघून शिरा

आधी निकाल सांगतो, मग वेळ असेल तर पुढचं वाचा. महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे योजनेतल्या दवाखान्यांत ॲडमिट पेशंटचे यादीतले उपचार मोफत करणारी राज्याची योजना, कामाची आहे, पाचपैकी चार स्टार. गावाकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय, साप चावला कुत्रं चावलं बाळंतपण आलं असल्या कामाला पाचपैकी पाच. पण योजनेच्या आत शिरायचं जे दार आहे त्याला मी दोनच्या वर देणार नाही. तुम्ही हक्कदार आहात हे जीआरमध्ये, म्हणजे सरकारी निर्णयात, लिहिलेलं असतंय ओ, पण प्रत्यक्षात तुम्ही कुठल्या खात्याच्या दवाखान्यात शिरलात, आणि पहिल्यांदा डिपॉझिटच्या खिडकीवर गेलात का आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) टेबलावर, ह्यावर सगळा खेळ. आमच्या खानदानात मधल्या काळात एवढे पेशंट झाले की सगळीच दारं बघून झाली, म्हणून लिहितोय.

मामांपासून सुरू करतो. मामा कवठेमहांकाळ साइडचे, द्राक्षबाग आहे, केशरी रेशनकार्ड. पहाटे छातीत कळ आली, सगळ्यांना वाटलं पित्त, मामीनं सोडा पाजला, तरी घाम थांबेना म्हणल्यावर मामेभावानं गाडी काढली आणि थेट मिरज. आमच्याकडं काय झालं की मिरज हे ठरलेलंच असतंय. १८९४ ला वानलेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल काढलं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, त्यात रेल्वेचं जंक्शन, त्यामुळं अथणी, चिकोडी, विजापूर इकडचा पेशंट पण इथंच उतरतो आणि मिरजेतल्या मेडिकलवाल्या पोराला कानडी येत नसेल तर त्याचा धंदा होत नाही.

तर हॉस्पिटल मोठं, खाजगी, नाव घेत नाही. योजनेत आहे, बाहेर योजनेचा बोर्ड पण आहे, फक्त बोर्डासमोर नेमकी एक ॲम्ब्युलन्स कायम उभी असते. ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले ॲटॅक आहे, लगेच अँजिओग्राफी करावी लागेल. इथपर्यंत सगळं फास्ट, डॉक्टरांना नावं ठेवायला जागा नाही. मग काउंटरवरचा पोरगा म्हणाला पन्नास हजार डिपॉझिट भरा, योजनेचं नंतर बघू. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. योजनेचं नंतर बघू. मामेभावाने एटीएम कार्ड बाहेर काढलं पण होतं, मी म्हणलं थांब जरा, आरोग्यमित्र कुठं बसतात ते विचारतो. तर काउंटरवरचा पोरगा म्हणतोय दहा वाजता येतील. सिक्युरिटीला विचारलं तर तो म्हणाला आल्यात की मॅडम, जिन्याखाली बसत्यात.

जिन्याखाली खरंच एक टेबल होतं, एक लॅपटॉप, एक वेबकॅम आणि फायलींचा ढीग, आणि समोर आमच्या आधी चार माणसं. मॅडमनी आमचा चेहरा बघूनच पहिला प्रश्न विचारला, पैसे भरले का? नाही म्हणल्यावर म्हणाल्या बरं केलं, भरू नका, एकदा पावती फाटली की तुम्ही कॅशचे पेशंट, मग मला योजनेत घ्यायला बिलिंगशी भांडत बसायला लागतंय. तातडीची केस असेल तर फोनवरून मंजुरी घेता येते आणि कागद मागून दिले तरी चालतात, ही सोय योजनेतच आहे, पण काउंटरवरचं कोण तुम्हाला ते सांगणार नाही. त्यांनी फोन लावला, नंबर घेतला, वर कळवलं, मामांना आत घेतलं. हे सगळं होईस्तवर काउंटरवरच्या पोराने आमच्याकडं बघायचं सोडलं होतं.

आता कागद. मामेभाऊ घरातनं निघताना मामीनं रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाकलं होतं म्हणून बरं. रेशनकार्ड म्हणजे तुम्हाला माहितीय, घडीवर फाटलेलं, सेलोटेपनं चिकटवलेलं, सेलोटेप पिवळी पडून त्याखालची अक्षरं गेलेली. त्यात मामांचं नाव पांडू. आधारला पांडुरंग. मॅडम म्हणाल्या सिस्टीम घेत नाही, गावातनं दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा दाखला मागवा. सकाळी सकाळी ग्रामपंचायतीच्या माणसाला उठवून व्हॉट्सॲपवर दाखला मागवला, तो बिचारा चांगला निघाला, लेटरहेडवर लिहून सही शिक्का मारून फोटो पाठवला. तोवर वर आयसीयूत योजनेसाठी पेशंटचा फोटो काढायचा होता, मॅडम मोबाईल घेऊन गेल्या तर मामा तशा अवस्थेत, नाकात नळी, हाताला सलाईन, आणि म्हणत्यात टोपी द्या आधी. सिस्टर हसायला लागल्या. मामीनं पिशवीतनं गांधी टोपी काढून घातली तेव्हा फोटो झाला. तो फोटो मंजुरीला वर गेलाय, मुंबईत कुणीतरी बघितला असेल.

अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट. ऑपरेशन, स्टेंट, आयसीयू, तपासण्या, पेशंटचं जेवण, सगळं पॅकेजमध्ये. स्टेंटवरनं आठवलं, पूर्वी स्टेंटला लाख लाख रुपये लावायचे, २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रानं किमतीला लगाम घातला, औषध लावलेला स्टेंट तेव्हा २९,६०० वर बांधला. म्हणजे योजनेत नसलात तरी स्टेंटच्या बिलावर किंमत आणि कंपनीचं स्टिकर मागायचा तुम्हाला अधिकार आहे, मागत जावा.

मग चार स्टारच का, पाच का नाही? कारण अधनंमधनं चिठ्ठ्या येतात. हे इंजेक्शन योजनेत बसत नाही, बाहेरनं आणा. पहिली चिठ्ठी आणली आम्ही, भीतीच असते ना, पेशंट आत आहे. दुसरी आली तेव्हा आरोग्यमित्र मॅडमना दाखवली, त्या वर गेल्या, आणि ते इंजेक्शन हॉस्पिटलच्याच स्टोअरमध्ये सापडलं. तिसरी चिठ्ठी आलीच नाही. डिस्चार्जला एक फॉर्म येतो, त्यावर लिहिलेलं असतंय की माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, जेवण मिळालं, घरी जायचं भाडं मिळालं. सही करा म्हणाले. मी म्हणलं भाडं कुठाय? काउंटरवर दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मग ड्रॉवरमधनं काढून दिलं. रक्कम काय फार नव्हती, एसटीची तिकिटं निघतील एवढी, पण योजनेत परतीचं भाडं आहे हे त्या हॉलमधल्या किती जणांना माहीत होतं? शेजारचा एकजण उठून आला आणि म्हणाला आमी परवा सही करून बसलो की ओ. डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधं पण योजनेतच असतात, ती पण मागून घ्या.

आणि खरा खर्च कुठं झाला सांगू? ऑक्टोबर छाटणी झालेली होती, पाऊस रिमझिम, द्राक्षावरच्या दावण्या रोगाच्या फवारण्या एक दिवसाआड चाललेल्या, आणि घरातली सगळी माणसं मिरजेत. मामा आयसीयूतनं बाहेर आल्यावर पहिलं बोलले ते बागेचं. त्या आठवड्यात बागेचं जे नुकसान झालं ते कुठल्या योजनेत बसत नाही. त्यात नातेवाइकांचा चहा, वडापाव, लॉजचं भाडं. ह्यात योजनेची चूक नाही, पण कुणी मोफत मोफत म्हणून ओरडायला लागलं की एवढं डोक्यात ठेवा.

आता हक्कदार कोण, हे जरा नीट सांगतो कारण लोकांच्या डोक्यात दहा वर्षांपूर्वीचं बसलंय. योजना २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यात सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात आली, २०१७ ला महात्मा फुले नाव झालं. तेव्हा पिवळं आणि केशरी कार्ड असेल तरच. पांढऱ्या कार्डाचे शेतकरी फक्त मराठवाडा विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत चालायचे, आपल्या सांगली साताऱ्यातला पांढरा कार्डवाला शेतकरी बाहेर. जत आटपाडीत पाण्याच्या टँकरमागं पळणारा माणूस पांढरं कार्ड आहे म्हणून योजनेत नाही, असं होतं ते. केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला एक लाखाची, ती कधीची आहे बघा, आज मजुरीवर जाणाऱ्या नवराबायकोचं उत्पन्न पण त्याच्या वर जातंय.

मग २०२३ च्या जुलैत जीआर निघाला की आता सगळ्यांना, कार्डाचा रंग कुठलाही असो, आणि केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा फुले एकत्र. प्रत्यक्षात १ जुलै २०२४ पासून सुरू झालं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होतं ते पाच लाख झालं. कुटुंबाला, माणसाला नाही, हे कायम गोंधळात असतं, घरात पाच जण म्हणून पंचवीस लाख असं नाही. किडनी बदलायला साडेचार लाख. यादीत १३५६ उपचार होते, नंतर ती यादी अजून वाढवली. जुना आजार असला तरी चालतं, प्रायव्हेट इन्शुरन्ससारखं दोन वर्षं थांबा असली भानगड नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट आणि ह्याची जाहिरात कोण करत नाही.

यादीत असलेले काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यासाठी राखीव आहेत, ते खाजगीत योजनेतून होत नाहीत. आणि हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे त्याचे सगळे विभाग योजनेत असतात असं पण नाही. हृदय आहे, हाडं नाहीत, असं असतंय. त्यामुळं बोर्ड बघून गाडी वळवायच्या आधी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन करून विचारा, माझा आजार, ते हॉस्पिटल, चालेल का. माझा फोन लागला होता, जरा वेळानं लागला पण लागला.

आता सीमेपलीकडचे. मिरजेत कागवाडकडनं, अथणीकडनं जे येतात त्यांच्याकडं कर्नाटकचं कार्ड, ते महात्मा फुलेला चालत नाही. ज्यांच्याकडं केंद्राचं आयुष्मान आहे त्यांचं राज्याबाहेर पण चालायला पाहिजे, तो वेगळा अर्ज. पण कर्नाटकात असलेल्या, सीमावादातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं ही योजना लागू केलीय, त्यावरनं २०२४ च्या सुरुवातीला दोन्ही सरकारांची चांगली जुंपली होती. आयसीयूच्या बाहेर आमच्याबरोबर एक निपाणीकडचं कुटुंब होतं, त्यांना ह्यातलं काय माहिती नव्हतं. त्यांना टेबल दाखवलं, पुढं काय झालं ते कळलं नाही, आमचा डिस्चार्ज आधी झाला.

दुसरा पेशंट काकू. उसात पाचट ओढताना घोणस चावली. इथं मला सरकारी दवाखान्याचं खरंच कौतुक करायचंय. पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, गावापासनं जवळ, डॉक्टर नवीन पोरगी, असेल सव्वीस सत्तावीस वर्षांची. काकांनी पायाला दोरी आवळून आणली होती, तिनं आधी ती सोडायला लावली आणि काकांना दोन शब्द सुनावले. मग काकूचं थोडं रक्त काचेच्या साध्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर तशीच उभी ठेवली, हात लावू नका म्हणाली. वीस मिनिटांनी नळी आडवी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलं नव्हतं. म्हणजे विष चढलंय. मशीन नाही, रिपोर्ट नाही, काचेची नळी आणि घड्याळ. लगेच सर्पविष उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या दहा बाटल्या सलाईनमधून चालू केल्या. हे औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारीला चालतं, आपल्याकडं हाफकिनचं पण येतं. खाजगीत दहा बाटल्यांचं बिल किती होतंय हे ज्यांनी भरलंय त्यांना विचारा. इथं शून्य. आधार नाही, रेशनकार्ड नाही, डिपॉझिट नाही. मागनं नाव, वय, गाव विचारलं, तेवढंच.

शेजारच्या कॉटवर ऊसतोडीच्या टोळीतली बीडकडची बाई होती, पोरगं जुलाबानं मलूल पडलेलं, त्याला सलाईन चाललेलं. तिचं रेशनकार्ड गावाकडं, आधार मुकादमाकडं. तिला पण कोण काय विचारलं नाही. कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, सगळी सेवा निःशुल्क आहे. केसपेपरचे पण पैसे नाहीत, एक्सरे, सोनोग्राफी, रक्त तपासणी काहीच नाही. तुम्ही कोण, कुठले, कार्डाचा रंग काय, विषयच नाही. माझ्या मते हक्क म्हणजे असा पाहिजे. तुम्ही कार्डाच्या मागं पळताय आणि पेशंट गाडीत, हे कशाला? सापाला काय तालुका कळतोय का.

काकूची लघवी कमी झाली म्हणून डॉक्टरनी वर पाठवलं. १०८ ची ॲम्ब्युलन्स आली, ती २०१४ पासून राज्यभर फुकट आहे, ड्रायव्हरला शंभर रुपये द्यायची पण गरज नाही आणि त्यानं मागितले पण नाहीत. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं आणि तिथं केसपेपरला पैसे मागितले. किरकोळच, पण काकांचं डोकं फिरलं, पेपरात आलंय सगळं फुकट आहे, तुम्ही कसले पैसे घेताय. आता इथं चूक खिडकीवरच्या माणसाची नव्हती. २०२३ चा निर्णय सार्वजनिक आरोग्य खात्याचा. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याची. मिरजेचं शासकीय आणि सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, आपण ज्याला सिव्हिल म्हणतो, दोन्ही कॉलेजला जोडलेली. त्यामुळं तासगाव, विटा, जत, आटपाडीच्या ग्रामीण रुग्णालयात जे फुकट ते सांगली मिरजेच्या सिव्हिलला सरकारी दरात. दर कमीच असतात, पिवळ्या कार्डाला सवलत असते, ॲडमिट झालात आणि आजार यादीत बसला तर महात्मा फुलेतून तिथं पण मोफतच. पण गावातनं आलेल्या माणसानं हे खातं कुठलं हे ओळखायचं कसं? दोन्ही इमारतींना रंग सारखाच, दोन्हीवर महाराष्ट्र शासन लिहिलेलं. माझी तक्रार एवढीच की केसपेपरच्या खिडकीवर मोठ्या अक्षरात लिहा की बाबा हे मोफतच्या निर्णयात नाही, अमुक दर आहे. रोजची निम्मी भांडणं कमी होतील. काकू बरी झाली, डायलिसिस लागलं नाही.

बाळंतपणाचं एका दमात सांगतो. बहिणीचं सिझर उपजिल्हा रुग्णालयात झालं, औषध, जेवण, घरी सोडायला गाडी सगळं मिळालं, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा म्हणून हे आहेच, आणि बाळ वर्षाचं होईस्तवर आजारी पडलं तरी सरकारी दवाखान्यात खर्च नाही. वॉर्ड स्वच्छ होता, संडास स्वच्छ नव्हता. दाजींनी वॉर्डातल्या मावशीला खुशीचे म्हणून पैसे दिले, ते कुठल्या जीआरमध्ये नाही पण पोरगी झाली म्हणून दाजी खूश होते, जाऊदे.

आजीचं वेगळंच. आजी ऐंशीच्या पुढं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखाचं. घरातले आधीच योजनेत असतील तर त्यांच्या पाच लाखाला हात न लावता ज्येष्ठांसाठी हे वेगळे पाच लाख. घरात आजी आजोबा दोघं असतील तर दोघांत मिळून. आमच्या साताऱ्याकडच्या पाव्हण्यांत, आपशिंग्याच्या बाजूला, घरटी फौजी, त्यांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, असतंय, त्यांनी दोन्हीतलं एक निवडायचं. प्रायव्हेट पॉलिसी किंवा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असेल त्यांना मात्र दोन्ही ठेवता येतं.

कार्ड काढायला सेतूत गेलो. आजीच्या आधारला नंबर पुण्यातल्या नातवाचा. ओटीपी पुण्याला, नातू मीटिंगमध्ये. थंब घ्यायला गेलो तर अंगठा उमटेना, साठ वर्षं खुरपं धरलेला अंगठा, रेषा राहिल्यात कुठं त्याला. पोरानं ओल्या फडक्यानं पुसला, व्हॅसलिन लावून बघितलं, शेवटी चेहरा स्कॅन करायचं ठरलं तर आजी कॅमेऱ्यासमोर डोळे मिटून हात जोडून बसली. डोळे उघड म्हणलं तर म्हणतीय, फोटो काढताना हलू नये म्हणून मिटलंय. झालं पण एकदाचं. हे काढायचे पैसे लागत नाहीत, आमच्याकडनं प्रिंट आणि लॅमिनेशनचे घेतले तेवढं ठीक, पण आमच्यापुढच्या आजोबांकडनं नोंदणी फी म्हणून घेतले ते चूक. स्वतःच्या मोबाईलवर आयुष्मान ॲपमधून पण निघतं, पोराबाळांनी काढून द्यावं.

आता योजनेत न बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी सांगली मिरजेत फार कमी लोकांना माहितीय. बरीच मोठी खाजगी हॉस्पिटलं कागदावर धर्मादाय ट्रस्टची असतात. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ कक कलमाखाली आणि हायकोर्टानं घालून दिलेल्या, २००६ पासून चालू असलेल्या योजनेप्रमाणं अशा हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकाला निम्म्या दरात द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. ह्यासाठी ते सगळ्या बिलांतनं दोन टक्के वेगळे काढतात, म्हणजे दुसऱ्या पेशंटच्या बिलातनं तुमचा फंड आधीच जमा झालेला असतोय. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पाहिजे किंवा रेशनकार्ड. काउंटरवर चॅरिटी बेड शिल्लक नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात विचारायचं, किती खाटा रिकाम्या त्याचा हिशोब त्यांच्याकडं असतो. आणि जीव धोक्यात असताना डॉक्टरनं आधी उपचार केलेच पाहिजेत, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच सांगितलंय. २०२१ पासून राज्याच्या नर्सिंग होम नियमात रुग्णहक्काची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं बंधन पण आहे. तुमच्या हॉस्पिटलात कुठं लावलंय शोधून बघा, आमच्या त्या हॉस्पिटलात लिफ्टच्या मागच्या भिंतीवर होतं.

योजनेतली सगळ्यात मोठी भोकं म्हणाल तर ओपीडी. ॲडमिट झालात तर पाच लाख, आणि महिन्याच्या बीपी शुगरच्या गोळ्या तुमच्या तुम्ही. मामांना आता स्टेंटनंतरच्या रोजच्या गोळ्या चालू आहेत, पहिले दहा दिवस योजनेतल्या, पुढच्या खिशातनं. आमच्याकडं तर माणूस मोठ्या दुखण्यानं नाही, ह्या महिन्याच्या चिठ्ठीनं बेजार होतोय. बीपी शुगरच्या साध्या गोळ्या पीएचसीत फुकट मिळतात, मामी म्हणते सरकारी गोळीला गुण नसतो, मी पट्टीवरचं औषधाचं नाव दोन्ही ठिकाणचं एकच आहे हे वाचून दाखवलं, तरी विश्वास बसेना. शेवटी जनऔषधीवर, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानावर, तडजोड झाली. कुपवाड एमआयडीसीत पगार २१ हजारच्या आत असेल तर ईएसआय कापून जात असेल, त्यांना ओपीडी पण असते, स्लिपवर कापलेलं दिसतंय आणि कार्ड काढलेलंच नाही अशी पोरं माझ्या ओळखीत ढिगानं आहेत.

राहिला मी. आमचं पांढरं कार्ड, वडिलांच्या नोकरीमुळं. २०२४ पासून आम्ही पण हक्कदार. पण योजनेला रेशनकार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर लागतो आणि पांढऱ्या कार्डावर धान्य नसल्यामुळं आमचं कार्ड कधी ऑनलाइन चढवलंच नव्हतं. पेशंट नसताना हे काम करून ठेवा, मामांच्या वेळचं बघून मी तेवढ्यासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलो. आधी म्हणाले पांढऱ्याचं ऑनलाइन होत नाही. मी म्हणलं होतंय, योजनेसाठी करतात. मग म्हणाले सगळ्यांची आधार, जुनं कार्ड, गॅसचं पुस्तक, फॉर्म. दिलं. बायकोचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, तिथनं कमी केल्याचा दाखला आणा. आणला, सासऱ्यांना कोरेगावला पाठवून आणवला. आता सर्व्हर बंद आहे. चालू झाला की फोन करतो म्हणालेत, नंबर लिहून घेतलाय वहीच्या मागच्या पानावर, तिथं माझ्या आधी बरेच नंबर होते.